पिशवी पालथी करा

कराडहून निघालेली एस.टी. कुंभार्ली घाट उतरून पोफळीत येते तोवर गाडीतले चार-पाच चेहरे तरी पार उतरलेले असतात. कुणी लिंबू हुंगत असतं, कुणी खिडकी सोडत नाही. बऱ्याच जणांनी गाडी लागू नये म्हणून निघतानाच गोळी घेतलेली असते. त्या गोळीत काय आहे, हे कुणी विचारत नाही. घाटापुरती एखादी घेतली तर काही बिघडतही नाही. पण तसलीच चक्करीची गोळी काही घरांत रोज, वर्षानुवर्षं चालू असते, आणि तिथून हा विषय सुरू होतो.

पोफळी हे चिपळूण तालुक्यातलं, सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव. बाहेरच्यांना ते माहीत असतं कोयनेच्या भूमिगत वीजगृहामुळे. १९६२ साली पहिला टप्पा सुरू झाला, दुसरा धरून इथे ६०० मेगावॅट वीज तयार होते. अशा गावातलं आजारपण तीन दिशांना फिरतं. साखर आणि ब्लडप्रेशर चिपळूणला, चक्कर आणि डोकेदुखी घाट चढून कराडला, आणि गणपतीत आलेल्या चाकरमानी मुलाबरोबर गेलेच तर पोटाचं दुखणं मुंबईला. तीन डॉक्टर, तीन चिठ्ठ्या. सगळ्या गोळ्या शेवटी एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, फडताळावर. ती पिशवी पूर्ण बघितलेला माणूस एकही नसतो.

अशा घरातली सत्तरीची आई डोळ्यांसमोर आणा. वर्षभरात तिची चाल मंदावली. पाय उचलण्याऐवजी ती घासत चालते. चेहऱ्यावर पूर्वीसारखं हसू उमटत नाही, हात कापतो, ताटातली आमटी सांडते. घरातले म्हणतात वय झालं. शेजारचे म्हणतात कंपवात दिसतो. एक डॉक्टरही तेच म्हणतात आणि पार्किन्सनची गोळी सुरू होते. तिनं फरक पडत नाही, मग डोस वाढतो. पिशवीच्या तळाशी पित्ताची कॅप्सूल असते. दीड-दोन वर्षांपूर्वी महिनाभरासाठी लिहून दिलेली, नंतर रिकामी पट्टी मेडिकलवाल्याला दाखवून दर महिन्याला आणलेली. आईचा कंप त्या कॅप्सूलमधून आलेला असू शकतो.

हे उदाहरण रचलेलं आहे, पण मेंदूविकारतज्ज्ञाच्या ओपीडीत बसणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. पार्किन्सनसारखी लक्षणं घेऊन येणाऱ्यांत मूळ पार्किन्सनच्या आजाराखालोखाल औषधांचाच क्रमांक लागतो. आणि या सगळ्या प्रकारांतला हाच एक असा, की कारण काढून घेतलं तर बहुतेक जण बरे होतात. त्यामुळे निदान चुकलं तर नुकसानही सगळ्यात मोठं. हे निदान करायला महागडं यंत्र क्वचितच लागतं. पिशवी लागते, कॅलेंडर लागतं, आणि कोणती गोळी केव्हापासून हे विचारण्याइतकी सवड लागते. ती सवडच नसते.

औषधानं कंप येतो ही गोष्ट कुठून आली ते बघायला १९५७ हे साल सोयीचं आहे. आणि तिचा एक धागा मुंबईत आहे, दुसरा आपल्याच रानात.

सर्पगंधा ही सह्याद्रीच्या ओलसर जंगलात मिळणारी वनस्पती. वेड, निद्रानाश, साप चावणं, सगळ्यावर तिची मुळी पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि वेड या दोन्हींवरचा तिचा उपयोग वैद्यकीय नियतकालिकात मांडला. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरचे आपले अनुभव छापले आणि या मुळीकडे जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसरपिन वेगळं काढण्यात आलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जाँ डले आणि पिएर डेनिकर क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना देऊन बघत होते. दोन औषधं, दोन वेगळ्या वाटा, परिणाम मात्र सारखा: बेफाम रुग्ण शांत होऊ लागले. १९५७ चा वैद्यकातला लास्कर पुरस्कार विभागून दिला गेला, त्यात वकील होते आणि डेनिकरही.

पण पारितोषिकं वाटली जात होती तेव्हा दुसरी बाजू दिसून गेलेली होती. १९५४ मध्येच लोझानच्या हान्स स्टेक यांनी नोंदवलं होतं, की ही दोन्ही औषधं घेणारे रुग्ण पार्किन्सनच्या रुग्णांसारखे ताठ आणि मंद होतात. १९५७ मध्ये जर्मनीत शोनेकर यांनी क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या तोंडाच्या विचित्र, न थांबणाऱ्या हालचालींचं वर्णन केलं. आणि त्याच १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना डोपा, म्हणजे डोपामिनचा कच्चा माल, टोचलं आणि ते पुन्हा उड्या मारू लागले. मेंदूतलं डोपामिन आणि हालचाल यांचं नातं त्या सशांनी उघड केलं, म्हणजे पार्किन्सनवरची आजची मुख्य उपचारपद्धती औषधाच्या दुष्परिणामातून निघाली. कार्लसन यांना नोबेल मिळालं ते २००० साली.

जाता जाता: ज्या रानात सर्पगंधा उगवते त्याच रानाच्या कुंपणावर खाजकुयलीही चढते. तिच्या बियांत डोपा असतं. १९३७ मध्ये मद्रासला ते वेगळं काढलं गेलं, आणि १९७८ मध्ये मुंबईच्या वैद्य आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांना त्या बियांची पूड देऊन निष्कर्ष छापले.

मग आईला पार्किन्सनची, म्हणजे डोपाची, गोळी लागू का पडत नाही? सशांना तर पडली होती. याचं उत्तर पोफळीच्या माणसाला द्यायला सोपं. वर शिवसागरात पाणी, मधे बोगदा, खाली जनित्रं. रेसरपिन जलाशयच रिकामा करतं. तिथे वरून पाणी ओतलं की जनित्र फिरतं. क्लोरप्रोमाझिनच्या घराण्यातली औषधं जलाशयाला हात लावत नाहीत, ती खालची झडप बंद करतात. झडप बंद असताना धरण कितीही भरा, खाली काय येणार? डोपामिन ज्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) बसून काम करतं त्यांतले सुमारे ८० टक्के औषधानं अडवले की हालचाल बिघडायला लागते, असं स्कॅनच्या अभ्यासांतून दिसलं आहे. म्हातारपणी जलाशय आधीच ओसरलेला असतो, म्हणून सत्तरीच्या आईला लहान डोसही पुरतो. बायकांत हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त दिसतो.

आता झडप बंद करणारी औषधं कोणती? लोकांना आणि बऱ्याच डॉक्टरांनाही वाटतं, ती फक्त मनोविकाराची. हॅलोपेरिडॉल, ट्रायफ्लुओपेराझिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही नावं संशयितांच्या यादीत पटकन येतात. फसवतात ती दुसरी, पोटाच्या आणि चक्करीच्या खात्यातली. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड. चक्करीवरचं प्रोक्लोरपेराझिन, जे क्लोरप्रोमाझिनचं सख्खं भावंड आहे, फक्त वेगळ्या खोक्यात विकलं जातं. सिनारिझिन, आणि अर्धशिशीसाठी देतात ते फ्लुनारिझिन. या शेवटच्या दोघांबद्दल १९८०च्या दशकात दक्षिण अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी आरडाओरड केली. आपल्याकडे ती अजून सर्रास लिहिली जातात. फ्लुनारिझिन शरीराच्या चरबीत साठून राहतं, त्यामुळे गोळी बंद केल्यावरही ते कितीतरी आठवडे हळूहळू बाहेर पडत असतं.

आणि लेव्होसल्पिराइड. भारतापुरतं बोलायचं तर माझ्या मते याच्यावर स्वतंत्र लेख हवा. जगात ते फार थोड्या देशांत मिळतं. इटली, दक्षिण कोरिया आणि आपण त्यांत आहोत. कोरियातल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये या औषधानं हालचाली बिघडलेल्या रुग्णांचा मोठा गट प्रसिद्ध केला, त्यात बहुतेकांना पार्किन्सनची लक्षणं होती आणि बहुतेक वयस्कर होते. हे मुळात मनोविकाराच्या औषधांच्या कुळातलं. आपल्याकडे ते आम्लपित्ताच्या औषधाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये घालून विकतात. पट्टीवरच्या मोठ्या नावामागे ‘एल’, ‘एलएस’ किंवा ‘एलएसआर’ अशी अक्षरं अनेकदा असतात. घेणाऱ्याला वाटतं आपण पित्ताची गोळी घेतो. लिहिणाऱ्याच्याही मनात पोटच असतं. ‘डीएसआर’ अक्षरांच्या कॅप्सूलमध्ये डोम्पेरिडोन असतं. ते मेंदूत फारसं शिरत नाही, त्याचे धोके वेगळे, हृदयाच्या ठोक्यांशी संबंधित. म्हणजे एका अक्षराच्या फरकानं आईचा हात कापायचा की नाही ते ठरतं, आणि ते अक्षर चष्मा लावूनही नीट दिसत नाही.

निदानाचं दुसरं साधन कॅलेंडर. औषधानं होणाऱ्या प्रत्येक विकाराचं आपलं घड्याळ असतं, आणि ते ठाऊक असेल तर अर्धं काम तिथेच होतं.

सगळ्यात वेगवान ती डिस्टोनिया, म्हणजे स्नायू पिळवटणं. पहिल्या काही तासांत ते चार-पाच दिवसांत. जुलाब-उलट्यांनी बेजार झालेली अठरा वर्षांची मुलगी रात्री उलटीचं इंजेक्शन घेऊन घरी येते. सकाळी तिची मान एका बाजूला वळून अडकते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते, जबडा आवळतो. शुद्ध पूर्ण असते. घरात गोंधळ. आजी म्हणते बाहेरचं काहीतरी झालंय, कुणी म्हणतं फिट, कुणी धनुर्वात. दवाखान्यात कधी कधी ‘नाटक करते’ असाही शेरा मिळतो, तरुण मुलगी असेल तर जास्तच. तरुणपण हीच या प्रकाराची ओळख आहे. मुलं, तरुण मुली, आणि मनोविकाराचं इंजेक्शन नुकतं सुरू झालेले तरुण पुरुष, यांच्यात तो सर्वांत जास्त दिसतो.

धनुर्वातात दातखीळ आधी बसते, दोन झटक्यांच्या मधेही अंग सैल पडत नाही, आवाजानं किंवा स्पर्शानं झटका येतो, आणि बहुधा कुठेतरी जखम असते. फिटमध्ये शुद्ध जाते. डिस्टोनियात डोळे वर चढणं आणि मान पिळणं येतं-जातं, आणि पेशंट घाबरून सगळं बघत असतो. प्रोमेथाझिनचं साधं इंजेक्शन दिलं की बहुधा पाव ते अर्ध्या तासात मान सरळ होते. हेच उपचार आणि हाच निदानाचा पुरावा. ते इंजेक्शन मिळालं नाही तरी उलटीच्या औषधाचा अंमल काही तासांत ओसरतो आणि मान आपोआप सुटते. नेमकं त्या वेळात देवऋषीनं अंगारा लावला असेल तर श्रेय अंगाऱ्याला जातं, आणि पुढच्या वेळी त्या मुलीला तेच उलटीचं इंजेक्शन पुन्हा मिळतं. म्हणून एकदा असं झालं असेल तर औषधाचं नाव तिच्या केस पेपरवर लाल शाईनं लिहून ठेवायला हवं.

त्यानंतरचं घड्याळ दिवसांचं आणि आठवड्यांचं: अकाथिसिया. चेक डॉक्टर हास्कोव्हेक यांनी १९०१ मध्ये, ही औषधं जन्मायच्या कितीतरी आधी, हा शब्द घडवला. अर्थ साधा: बसवत नाही. पाय सारखे हलवावेसे वाटतात, माणूस उठतो, फेऱ्या मारतो, पुन्हा बसतो. आतून जीव नकोसा होतो. घरच्यांना आणि डॉक्टरांना वाटतं आजार बळावला, म्हणून तेच औषध वाढवलं जातं, आणि तगमग आणखी वाढते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हे होतं. चुळबुळ आजाराची की औषधाची, हे ठरवायला पेशंटला एकच विचारायचं असतं: मन अस्वस्थ आहे की पाय? बहुतेकांना याचं उत्तर नेमकं देता येतं, पण विचारणारा हवा.

आठवडे ते महिने हे पार्किन्सनिझमचं, म्हणजे पार्किन्सनसारख्या लक्षणांचं, घड्याळ. बहुतेकांना औषध सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्रास सुरू होतो, पण पोटाच्या गोळ्यांत तो बऱ्याच उशिराही येतो. मूळ पार्किन्सन बहुधा एका बाजूनं सुरू होतो, आधी एक हात, मग तोच पाय. औषधाचा प्रकार दोन्ही बाजूंना साधारण सारखा असतो, त्यात कंपापेक्षा मंदपणा आणि ताठरपणा जास्त, आणि ओठ सशासारखे थरथरत असतील तर संशय पक्का. हे पुस्तकात फार नीट वाटतं. प्रत्यक्षात औषधानं झालेल्यांपैकी बऱ्याच जणांत एक बाजू जास्त असते, आणि विसाव्यातला कंपही असतो. नुसत्या तपासणीवर पैज लावू नये.

म्हणून डॉक्टर पार्किन्सनच्या आधीच्या खुणा विचारतात. पाच-दहा वर्षांपासून फोडणीचा वास येत नाही का? झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं आहे का? बद्धकोष्ठता जुनी आहे का? वास शाबूत आणि झोप शांत असेल तर पारडं औषधाकडे झुकतं. याहून पुढे जायचं तर मोठ्या शहरांत ट्रोडॅट किंवा डोपा-पेट स्कॅन होतात. मूळ आजारात डोपामिन बनवणाऱ्या पेशींची टोकंच झडलेली असतात, तिथे चित्र फिकं येतं. औषधानं झडप बंद केली असली तरी पेशी जिवंत असतात, म्हणून स्कॅन स्वच्छ येतो. साधन चांगलं आहे. पण पिशवी न तपासता आधी स्कॅनला पाठवलेला पेशंट दिसला, की मला वैद्यकाचाच राग येतो.

खरी परीक्षा म्हणजे औषध बंद करून वाट बघणं. ही वाट लांब असते, आणि तीत घरच्यांचा धीर सुटतो. काहींना दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवतो, पण पूर्ण उतरायला सहा महिने, कधी वर्ष-दीड वर्षही लागतं. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून निकाल लावू नये. आणि काही जण बरे होतच नाहीत, किंवा बरे होऊन दोन-चार वर्षांनी पुन्हा कापू लागतात. त्यांच्यात मूळ आजार आत दबा धरून होता, औषधानं तो फक्त वेळेआधी उघड केला. अशांना ‘औषधानं पार्किन्सन झाला’ हे अर्धंच खरं असतं.

पिशवी न बघण्याची किंमत किती, हे मोजलेलं आहे. १९९५ मध्ये जेरी ॲव्हॉर्न आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या पासष्टीपुढच्या लोकांच्या औषधनोंदी तपासल्या. मेटोक्लोप्रामाइड घेणाऱ्यांना पार्किन्सनची गोळी सुरू होण्याची शक्यता ते न घेणाऱ्यांच्या तिपटीनं जास्त होती. म्हणजे एका गोळीचा दुष्परिणाम दुसऱ्या डॉक्टरनं नवा आजार समजून त्याच्यावर दुसरी गोळी दिली. त्यात विनोद असा, की पार्किन्सनच्या गोळीतल्या लेव्होडोपानं मळमळ होते, आणि मळमळ झाली की कुणीतरी उलटीची गोळी लिहून देतं. पुढे अमेरिकेच्या औषधखात्यानं २००९ मध्ये मेटोक्लोप्रामाइड १२ आठवड्यांपलीकडे नको असा ठळक इशारा छापायला लावला. युरोपच्या नियामकानं २०१३ मध्ये मर्यादा पाच दिवसांवर आणली. आपल्या पिशवीतल्या पट्टीला असली मुदत माहीत नसते.

शेवटचं घड्याळ वर्षांचं, आणि तेच सगळ्यात अवघड. टार्डिव्ह डिस्किनेशिया: उशिरा येणाऱ्या, स्वतःहून चालणाऱ्या हालचाली. तोंड चघळत राहतं, ओठ मुडपतात, जीभ आत-बाहेर होते, बोटं पियानो वाजवल्यासारखी चालतात. मनोविकाराच्या जुन्या पिढीच्या औषधांवर दर वर्षी सुमारे पाच टक्के रुग्णांत हे दिसू लागतं, वयस्करांत पहिल्या वर्षातच पंचवीस टक्क्यांच्या पुढे. निदानासाठी साधारण तीन महिने औषध घेतलेलं असावं लागतं, साठीनंतर एक महिनाही पुरतो. औषध बंद केल्यावरच या हालचाली पहिल्यांदा दिसू शकतात किंवा वाढतात, आणि डोस वाढवला तर काही काळ दबतात. म्हणजे इथे आपली नेहमीची समजूत उलटी होते: औषध वाढवल्यानं बरं वाटतंय म्हणून औषध निर्दोष, असा निष्कर्ष काढला की फसलो.

या हालचाली मोजायला १९७६ मध्ये अमेरिकेत तयार झालेलं ‘एम्स’ (AIMS) नावाचं मोजमाप वापरतात. दहा मिनिटांचं काम आहे. त्यातला एक प्रश्न मला कोकणासाठीच लिहिलाय असं वाटतं: तोंडात काही आहे का? पोफळीच्या आणि सुपारीच्या मुलखात सुपारी, तंबाखू किंवा मिश्री तोंडात असलेलं माणूस तपासायला बसवलं तर चघळण्याचा आजार कुणालाही सापडेल. दुसरा प्रश्न दातांचा. कवळी नसलेले म्हातारे रिकामं तोंड हलवत असतात. तिसरी युक्ती अशी, की पेशंटला एका हाताची बोटं अंगठ्यावर आपटत राहायला सांगायचं आणि बघायचं दुसरीकडेच, त्याच्या तोंडाकडे. लक्ष हातात गुंतलं की जीभ हलायला लागते.

पण सगळं खापर औषधावर फोडायची घाईही नको. स्कॉटलंडचे मॅक्क्रीडी आणि चेन्नईच्या डॉ. आर. थारा यांच्या गटानं १९९६ मध्ये भारतातल्या वयस्कर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी लोकांपैकी १५ टक्क्यांत अशा हालचाली होत्या. स्किझोफ्रेनिया असून ज्यांनी आयुष्यात कधीच औषध घेतलं नव्हतं अशांपैकी ३८ टक्क्यांत, आणि औषध घेणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांत. असा अभ्यास पाश्चात्त्य देशात करता आला नसता, कारण तिथे औषधाविना म्हातारे झालेले रुग्ण सापडलेच नसते. आपल्या उपेक्षेतून निघालेलं हे ज्ञान आहे. पण ते सांगतं, की आजार स्वतःही शरीर हलवतो. तरुण माणसात तर औषधाला दोष देण्याआधी विल्सनचा आजार, थायरॉइड, संधिवाताच्या तापानंतर येणाऱ्या अनैच्छिक हालचाली (वैद्यकीय नाव ‘कोरिया’) हे सगळं बघूनच पुढे जावं लागतं.

काही औषधं मात्र पिशवीत सापडतच नाहीत. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ चं. ठाणं, येरवडा, रत्नागिरी या मनोरुग्णालयांच्या गावांची नावं आपण पिढ्यान्‌पिढ्या टोमण्यासारखी वापरली, आणि त्याची फळं निदानात भोगतो. मनोविकाराच्या गोळ्या त्या प्लास्टिकच्या पिशवीत नसतातच. त्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली असतात. गावातल्या डॉक्टरांना सांगितलेलं नसतं, होणाऱ्या सुनेच्या घरी तर नाहीच. महिन्यातून एकदा किंवा दोनदा घेतलं जाणारं दीर्घ मुदतीचं इंजेक्शन तर कुठल्याच पिशवीत सापडत नाही. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाला माणूस प्रामाणिकपणे ‘काही नाही’ म्हणतो, कारण इंजेक्शन पंधरा दिवसांपूर्वी झालेलं असतं. तसंच वैद्याकडच्या पुड्यांचं. सर्पगंधेच्या वट्या आजही रक्तदाब आणि झोपेसाठी मिळतात, आणि झाडपाल्याचं म्हणून त्या कुणी औषधांत मोजत नाही. मुळीतून आलेलं रेसरपिन सशांवर ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं माणसावर जातं.

मनोविकाराच्या औषधाबद्दल मात्र एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. हा लेख वाचून कुणी मुलाची, भावाची गोळी बंद केली तर उलट अनर्थ होईल. पित्ताची कॅप्सूल थांबवून पोट थोडं जळेल, स्किझोफ्रेनियाची गोळी थांबवली तर माणूस घर सोडून जाईल. तिथे मार्ग बदलाचे असतात: डोस कमी करणं, क्वेटियापिन किंवा क्लोझापिनसारख्या औषधाकडे वळणं, टार्डिव्ह प्रकारात टेट्राबेनाझिन. सवयीनं सोबत दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी ताठरपणाला उपयोगी पडते, पण टार्डिव्ह हालचाली वाढवते. हे ठरवणं मनोविकारतज्ज्ञाचं काम. आणि ताप, लाकडासारखं ताठ अंग, घाम आणि बरळणं एकदम आलं तर तज्ज्ञाची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात. न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम जीव घेतो.

राहिलेला कंप थोडक्यात. दम्याचं साल्ब्युटामॉल, लिथियम, व्हॅलप्रोएट, अमायोडॅरोन, जास्त झालेलं थायरॉक्सिन, यांनी हात थरथरतो. पण चाल आणि चेहरा बहुधा बिघडत नाही. अपवाद व्हॅलप्रोएटचा, ते वयस्कर माणसात हुबेहूब पार्किन्सन उभा करू शकतं. फेनिटोइन जास्त झालं तर माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, आणि गावात त्याची तशीच बदनामी होते.

मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर पोफळीच्या बहुतेकांना कराड, कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई. एक दिवस जातो, मजुरी बुडते. तो दिवस फुकट जाऊ नये म्हणून निघण्याआधी घरी करायची कामं आहेत. पिशवी पालथी करा. कपाटातल्या, उशाखालच्या, वैद्याकडच्या पुड्या तिच्यात टाका. गेल्या वर्षभरात बंद केलेल्या गोळ्यांच्या पट्ट्याही. पट्टीवरच्या मोठ्या नावाखालची बारीक अक्षरं मोबाइलवर फोटो काढून मोठी करा आणि वहीत उतरवा. समोर तारीख लिहा, केव्हापासून. आठवत नसेल तर सण धरा: गेल्या शिमग्याला हात कापत होता का, गणपतीत आरतीचं ताट धरलं होतं का? चालण्याचा आणि हाताचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. डिस्टोनियाचा झटका तर डॉक्टरांसमोर अनेकदा येत नाही, तो व्हिडिओतच दिसतो. आणि ओपीडीत डॉक्टर ‘काय होतंय’ विचारतील तेव्हा आधी वही पुढे करा.

औषधाचा दुष्परिणाम कळवायचा हक्क रुग्णालाही आहे. भारत सरकारच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाची निःशुल्क मदतवाहिनी १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी चालू असते. रुग्णानं भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो.